शिडी दिसली की

आभाळ्याला जमिनीवर फारसं कुणी विचारत नसे आणि त्याची त्याला खंतही नव्हती. त्याची सगळी प्रतिष्ठा वर होती. बांधकामाच्या आवारात मधोमध उभ्या असलेल्या पिवळ्या क्रेनच्या टोकाला काचेची केबिन होती, जेमतेम एका माणसाच्या गुडघ्यांना पुरेल एवढी. हा सव्वीस वर्षांचा गडी सकाळी त्या केबिनमध्ये जाऊन बसला, की खालच्या सगळ्यांचं काम त्याच्या दोन हातांतून चालायचं. सळयांचा जुडगा हवा, आभाळ्या. काँक्रीटची बादली हवी, आभाळ्या. बादली चुकीच्या मजल्यावर गेली, तरी शिव्या खायला आभाळ्याच. खरं नाव फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही ते अडखळत वाचायचा.

त्याला वर बसणं म्हणजे चैन वाटायची. तिथून लोकांच्या गच्च्या दिसत, वाळत घातलेल्या चादरी दिसत, आणि एक म्हातारा रोज त्याच वेळी त्याच कुंडीला पाणी घालताना दिसे. कुंडीत रोप नव्हतं. आभाळ्या कितीतरी दिवस विचार करत होता, हा रिकाम्या मातीला पाणी का घालतो? ‘हे असं का?’ हा त्याला लहानपणापासून जडलेला रोग. गजर कसा वाजतो ते पाहायला त्याने एकदा घरातलं घड्याळ उघडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कामावर उशिरा पोचले होते.

आता ही गोष्ट लघवीची आहे. लाजायचं असेल त्याने आत्ताच लाजून घ्यावं, पुढे सवड मिळणार नाही.

क्रेनवर मोरी नसते. केबिनपर्यंत उभी लोखंडी शिडी, मध्येमध्ये दम खायला जाळीचे टप्पे, बस. ऑपरेटर उतरून परत वर जाईपर्यंत खाली अख्खी टोळी हाताची घडी घालून उभी राहते आणि फोरमनच्या कपाळाची शीर उडायला लागते. म्हणून आभाळ्याला ज्यांनी हे काम शिकवलं, त्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याला शिडीच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं होतं. तिथे पत्र्याची एक खोली होती. तिचं दार बाहेरून काथ्याने बांधावं लागे.

“शिडीला हात लावायच्या आधी इथे जायचं. लागली असो नसो,” वस्ताद म्हणाले. “आणि वर पाणी न्यायचं नाही. तहान लागली तर थुंकी गिळायची.”

“पण लागलीच नसेल तर?”

“लागली नाही म्हणूनच जायचं. लागल्यावर काय, कोणीही जातो.”

वस्ताद म्हणजे आडदांड माणूस, मिशा अशा की बोलताना ओठ दिसू नयेत. ते बोलले की विषय संपला. पुढे गुडघे गेले म्हणून त्यांनी भर उमेदीत केबिन सोडली आणि आभाळ्या त्यांच्या खुर्चीत बसला. त्यांनी शिकवलेले बाकीचे ऑपरेटरही तोच नियम पाळत, पण आभाळ्याइतका काटेकोर कुणी नाही. चढताना जायचं, जेवायला उतरल्यावर जायचं, परत चढताना पुन्हा जायचं. दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्यावर तांब्या पाणी प्यायचं. याचा त्याला अभिमान होता.

आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते त्यालाही सांगता आलं नसतं, गणित बिघडायला लागलं. आधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळ निघेना. मग सकाळीच एकदा उतरावं लागे, मग दोनदा. शिडीवरून उतरताना वाटे, आता काही खरं नाही, इथेच अब्रू जाणार. आणि एवढी घाई करून पत्र्याच्या खोलीत शिरावं, तर कपाचा तळ झाकेल एवढीच व्हायची. वर जाऊन बसतो न बसतो तोच पुन्हा तगादा सुरू.

खाली चर्चा व्हायला किती वेळ लागतो? वॉकीटॉकीवरून इशारे देणारा सिग्नलवाला त्याचा बऱ्यापैकी दोस्त होता, म्हणून चिडवण्यातही तोच पुढे. आभाळ्या शिडीवर दिसला की तो वॉकीटॉकीत ओरडे, “आभाळ गळायला लागलं रे, छत्र्या काढा!” वॉकीटॉकी सगळ्यांच्या कमरेला. सगळ्या मजल्यांवरून हसू ऐकू यायचं.

फोरमनने त्याला एक रिकामी बाटली देऊन पाहिली. पण बोजा हवेत असताना क्रेन चालवायच्या दांड्यावरचा हात उचलता येत नाही, आणि कळ नेमकी तेव्हाच यायची. शेवटी जे व्हायचं ते झालंच. एका सकाळी सळयांचा जुडगा सातव्या मजल्यावर उतरवताना आभाळ्याचं सगळं लक्ष ओटीपोटात होतं. एकदाचं सुटावं म्हणून त्याने जुडगा घाईने टेकवला. तो आदळला, एक टोक उसळलं आणि तिथे उभा असलेला कामगार उडी मारून मागे झाला म्हणून वाचला. कुणाला खरचटलंही नाही. पण आभाळ्याने काचेतून त्या माणसाचा चेहरा पाहिला होता, आणि तो चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

फोरमन त्या दिवशी ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं.

“शेजारच्या इमारतीसाठी नवी क्रेन येतेय,” तो म्हणाला. “हिच्यापेक्षा उंच. माझ्या मनात तुझंच नाव होतं. आता उद्यापासून तू खाली, हुक लावायला. ती क्रेन उभी राहीपर्यंत हे निस्तरलंस तर ती तुझी. नाहीतर केबिन विसर. मला वर बसलेला माणूस पूर्ण वर हवा, अर्धा खाली नको.”

आभाळ्याला राग आला नाही, कारण फोरमनचं बरोबर होतं. घरी येऊन त्याने जेवणाचा डबा तसाच धुवायला टाकला. त्यात अन्न तसंच होतं, म्हणून आईला काय ते कळलं.

घरात खरी भीती वेगळीच होती. वडिलांना साखर होती. पायाचा अंगठा त्यांनी त्यातच गमावला होता आणि त्यांनाही सुरुवातीला हेच, सारखं उठावं लागायचं. हा शब्द कुणी काढेना, पण आईने गुपचूप चौकशी सुरू केली. लघवीत साखर असली की मुंग्या येतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हा आभाळ्या मोरीतून बाहेर आला की ती आत शिरे आणि वाकून पाहत राही. एका संध्याकाळी तिला खरोखरच एक मुंगी दिसली. मग आणखी एक. आईने भिंत धरली. आभाळ्या धावत आला, वडील काठी टेकत आले, तिघं मोरीच्या दारात उभे राहून त्या मुंग्यांकडे पाहत राहिले. मग वडिलांचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं.

“अगं, तू चहाचा कप घेऊन आत गेलीस?”

गेली होती. आणि वाकताना तो हिंदकळला होता.

आभाळ्याला इतकं हसू आलं की त्या हसण्यानेच पुन्हा मोरीत पळायची वेळ आली. वडील मात्र हसले नाहीत. “मुंग्यांना काय विचारत बसलात? डॉक्टरला विचारा,” ते म्हणाले. “मी चालढकल केली होती. तू करू नकोस.” एरवी मुलाशी हवापाण्यापलीकडे न बोलणारे वडील एवढं बोलले आणि मग उगाचच काठीचा रबर तपासत बसले.

तरी आभाळ्याने आधी स्वतःच्या अक्कलहुशारीने एक उपाय केला. कमी प्यायलं की कमी होईल, हिशेब सरळ होता. त्याने दिवसाचं होतं नव्हतं ते पाणीही तोडलं आणि तरतरीसाठी चहा वाढवला. झालं उलटंच. लघवी गडद पिवळी, थोडी चुरचुरणारी, आणि कळ पहिल्यापेक्षा जास्त. पाणी नाही तर ही येते कुठून? हे असं का? तो खरोखरच चक्रावला, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या कोड्यात थोडा रसही वाटायला लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई आईच्या वयाच्या निघाल्या. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि आवाज बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल असा. आभाळ्याने आधी पोटाचं सांगितलं, मग कंबरेचं, मग झोपेचं.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “माझ्याकडे येणारा प्रत्येक तरुण आधी कंबरेपासून सुरुवात करतो. आपण दोघंही वेळ वाचवू. लघवीचं आहे ना?”

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. आग होते का, ताप येतो का, रक्त दिसतं का. धार बारीक झाली आहे का, जोर करावा लागतो का. खूप तहान लागते का, वजन उतरलं का, झोपेतून उठावं लागतं का. कुणाशी शरीरसंबंध आहेत का, तिथून काही स्राव येतो का. आभाळ्याचे कान लाल झाले, पण बाई हे सगळं दुधाचा भाव विचारावा तशा विचारत होत्या, म्हणून त्यालाही उत्तरं देता आली. संध्याकाळी घटाघटा पाणी पितो म्हणून एकदा उठावं लागतं, आणि चुरचुरणं पाणी तोडल्यापासूनच आहे. बाकी बहुतेक सगळ्याचं उत्तर नाही असंच होतं.

रक्त तपासलं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. साखर नव्हती. जंतू नव्हते. खडा नव्हता. अहवाल ऐकून आभाळ्याला क्षणभर रडूच आलं, कारण इतके दिवस तो मनातल्या मनात स्वतःच्या पायाच्या अंगठ्याचा निरोप घेत होता. पण दुसऱ्याच क्षणी तो म्हणाला, “मग होतं तरी काय?”

“ते आपण मोजून पाहू,” बाई म्हणाल्या. “घरी एक मापाचा मग घ्या. स्वयंपाकघरातला नको, नाहीतर आई माझ्या नावाने बोटं मोडेल. दर वेळी त्यात करा आणि किती होते ते बघा. फक्त बघा.”

आभाळ्याने पाहिलं. अंगात जणू वादळ उठल्यासारखी कळ यायची आणि मगात मात्र चहाचा कपही भरत नव्हता. त्याने तो मग उजेडात धरून पुन्हा पाहिला. एवढ्याशासाठी? एवढ्याशासाठी मी केबिन घालवली?

“चांगल्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत दोन मोठे पेले सहज मावतात,” पुढच्या भेटीत बाई सांगू लागल्या. “तुमच्याही मावतील. पिशवी लहान नाही झालेली, घाबरट झाली आहे. ती म्हणजे एक स्नायूच. अर्धी भरली की ती नुसती वर्दी देते, बाबा, लक्षात असू दे. तो हुकूम नसतो. पण तुम्ही वर्दीलाच पळायला लागलात, तर ती आणखी लवकर वर्दी देते. तुम्ही किती वेळा जाता?”

“लागली की.”

“आणि न लागता?”

मग त्याने वस्तादांचा नियम सांगितला. लागली असो नसो. वर पाणी नाही. सांगताना प्रथमच त्याला स्वतःच्या आवाजात तो नियम ऐकू आला, आणि तो वेगळाच वाटला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे पिशवीला वर्षानुवर्षं भरूच दिलं नाही. अर्धी नाही, पाव नाही. भरणं म्हणजे काय हेच ती विसरली. वर दिवसभर पाणी नाही, म्हणून जी थोडी लघवी होते ती घट्ट, ती पिशवीला चावते. त्यात चहा. तुमचे वस्ताद वाईट नव्हते हो, शिडी उंच होती. पण उपाय दुखण्याला खाऊ घालत होता.”

“मला एक सांगा,” आभाळ्या पुढे सरकला. “एकदा वारा सुटला होता. बोजा झोके घेत होता, मी तो हाताने धरल्यासारखा सांभाळत होतो. जाम लागली होती मला, वाटलं संपलं आता. आणि मग त्या गडबडीत कळ गेली. निघून गेली चक्क. बोजा टेकला आणि परत आली. हे असं का?”

बाई मोठ्याने हसल्या, बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या. “अहो, उपाय तर तुम्हालाच सापडला आहे! कळ चढते, टोकाला जाते आणि उतरते. तुम्ही नेहमी टोकावर असताना पळता, म्हणून उतरताना ती कधी पाहिलीच नाही.”

औषध म्हणून मिळाली ती शिकवणी. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, संध्याकाळी एकदम ओतायचं नाही. चहा कमी. कळ आली की धावायचं नाही, होतो तिथे स्थिर उभं राहायचं, धार मध्येच थांबवायला जे स्नायू आवळतो ते काही वेळा आवळायचे आणि सोडायचे, मन दुसरीकडे लावायचं. कळ उतरली की मग सावकाश चालत जायचं. रोज ते थांबणं थोडंथोडं वाढवायचं. न लागता जायचं नाही. जीव जाईस्तोवर धरूनही ठेवायचं नाही. आणि आग झाली, ताप आला, रक्त दिसलं तर शिकवणी सोडून तडक दवाखाना गाठायचा.

न लागता जायचं नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. जेवणानंतर पाय आपोआप वळायचे. पण हळूहळू मापाचा मग भरत चालला, आणि तो भरताना पाहून आभाळ्याला पोराचं वजन वाढल्यासारखा आनंद व्हायचा. खाली, शिडीपासून लांब, हुक लावण्याच्या कामात आता पूर्वीसारखी धावपळ होत नव्हती. सिग्नलवाल्याच्या छत्र्याही मिटल्या. आभाळ्याला वाटलं, जिंकलो.

मग एका रविवारी शेजारच्या काकूंनी हाक मारली. “अरे, तू एवढा उंच चढणारा, माझा दिवा बदलून दे ना.” काकूंनी कुठूनशी लाकडी शिडी आणून भिंतीला टेकवली. आभाळ्या आत्ताच मोरीतून आला होता, पोट हलकं, मन प्रसन्न. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि अशी कळ आली की दिवा काकूंच्या हातात कोंबून तो घराकडे पळाला. मागून काकू ओरडत होत्या, “अरे, करंट बसला का?”

मगात चार थेंब आले. आभाळ्या मगाकडे बघत तिथेच उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिडी! इतकी वर्षं आधी पत्र्याची खोली आणि लगेच शिडी. पिशवीने ती जोडीच पाठ केली होती. शिडी दिसली की गाडी सुटली.

दुसरा कोणी असता तर त्याने कपाळ बडवून घेतलं असतं. आभाळ्याने सुट्टीचा उरलेला दिवस शिड्या शोधण्यात घालवला. जिना चढून पाहिला, काही नाही. रंगाच्या दुकानाबाहेर घडीच्या शिड्या उभ्या होत्या, त्यांच्यासमोर उभा राहिला, आली! बांबूची शिडी, थोडी आली. लोखंडी, जोरात. एका घराला बाहेरून गच्चीवर जायची शिडी होती, तिच्याकडे तो इतका वेळ टक लावून उभा राहिला की घरमालकाने खिडकीतून “काय पाहिजे?” म्हणून विचारलं. काय सांगणार? “काही नाही, येते का बघत होतो,” असं म्हणून तो सटकला.

डॉक्टर बाईंना मुळीच नवल वाटलं नाही. कुलपात किल्ली घातली की ज्यांना लागते असे त्यांच्याकडे कितीतरी येत होते, नळाच्या आवाजाने लागणारे त्याहून जास्त. “शिडीवाले तुम्ही पहिलेच,” त्या म्हणाल्या. “जोडी लावली तशी मोडा. शिडीपाशी जायचं आणि काहीच करायचं नाही.”

मग काकूंची शिडी आभाळ्याच्या घरी मुक्कामाला आली. तो तिच्यासमोर उभा राही, एक पाय ठेवी, थांबे, स्नायू आवळे, कळ टोकाला जाऊन उतरेपर्यंत समोरच्या भिंतीवरचे पोपडे बघत राही, मग दुसरी पायरी. आई दारातून बघे आणि वडिलांना म्हणे, “आता मात्र मला खरंच काळजी वाटायला लागली आहे.”

नव्या क्रेनचे खांब उभे राहू लागले, तेव्हा आभाळ्याला वस्तादांची आठवण अनावर झाली. रागही होता थोडा. त्या नियमाने त्याला गोत्यात आणलं होतं. पण रागापेक्षा त्याला विचारायचं होतं, हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?

वस्ताद गावाच्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. आभाळ्या पोचला तेव्हा ते स्टुलावर उभे राहून माळ्यावरचा पेटारा ओढत होते. त्याला पाहून ते टुणकन खाली उतरले, मिशीतून हसले आणि उकिडवे बसून त्यांनी स्टोव्ह पेटवला. आभाळ्या बघत राहिला. चहा उकळेपर्यंत वस्ताद “आलोच” म्हणून आत गेले. चहा झाल्यावर पुन्हा गेले. बोलण्यात कळलं, ते पुतणीच्या लग्नाला गेले नव्हते. बसने प्रवास करत नाहीत. बाजारात जातात ते चौकापर्यंतच, कारण चौकात शौचालय आहे. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नाही, ते आभाळ्याने जुळवलं.

तिसऱ्यांदा ते बाहेर आले तेव्हा आभाळ्याने कप खाली ठेवला. “वस्ताद, तुमचे गुडघे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

वस्ताद दारातच उभे राहिले.

“गुडघे सांगायला बरे असतात रे,” ते म्हणाले. “गुडघ्यांना कोणी हसत नाही.”

एवढा दांडगा माणूस, ज्याच्या हातात भरलेली बादली कधी डुचमळली नाही, तो एका क्षुल्लक गोष्टीसाठी आभाळ सोडून या दोन खोल्यांत येऊन बसला होता, आणि क्षुल्लक आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळा राग विरून गेला. त्याने आपली हकिगत सांगायला सुरुवात केली. मुंग्यांची, मगाची, काकूंच्या दिव्याची. शिडीची गोष्ट आली तेव्हा वस्ताद हसता हसता खुर्चीत बसले आणि डोळे पुसू लागले. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं.

“आणि तो नियम?” आभाळ्याने विचारलं. “तुम्हाला कुणी शिकवला?”

“कुणीच नाही. मला त्रास व्हायला लागला तेव्हा मीच काढला. वाटलं, तुम्हा पोरांना तरी होऊ नये.”

पुढच्या आठवड्यात आभाळ्याने त्यांना हात धरून डॉक्टर बाईंकडे नेलं. वस्तादांचं वय पन्नाशीपलीकडचं, तेव्हा त्यांची तपासणी वेगळी निघाली. आता प्रोस्टेटची ग्रंथीही थोडी वाढली होती, गोळ्या मिळाल्या आणि शिकवणीही. बाईंनी त्यांना विचारलं, “इतकी वर्षं का नाही आलात?” वस्तादांनी गोळ्यांची पुडी खिशात घातली.

आभाळ्याला फोरमनने आधी जुन्या क्रेनवर चाचणीला बसवलं. शिडीपाशी कळ आली. तो थांबला, तिला उतरू देऊन मग चढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरला नाही. नव्या केबिनची किल्ली दुसऱ्या दिवशी आभाळ्याच्या तळहातावर होती.

नवी क्रेन सुरू व्हायची त्या सकाळी आवाराच्या फाटकाशी वस्ताद उभे होते. बसने आले होते. धुतलेला सदरा, विंचरलेली मिशी. जुनी माणसं त्यांच्याभोवती जमली, फोरमनने स्वतः पुढे होऊन हात मिळवला. सगळे मिळून नव्या शिडीपर्यंत आले. शेजारी तीच पत्र्याची खोली उचलून आणून ठेवली होती, काथ्यासकट. वस्तादांनी सवयीने तिकडे बोट केलं.

“जाऊन ये.”

“लागलेली नाही, वस्ताद,” आभाळ्या म्हणाला आणि कमरेला पाण्याची बाटली अडकवून चढू लागला.

तो चार-सहा पायऱ्याच चढला असेल, तेव्हा खालून फोरमनचा आवाज आला. “आणि तुमचे गुडघे काय म्हणतात, वस्ताद?”

आभाळ्या थबकला. त्याने खाली पाहिलं नाही.

“गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं,” वस्ताद म्हणाले, आणि केबिनमधून ओरडून सांगायचे तेवढ्या मोठ्याने म्हणाले. “लघवीचा त्रास होता. सारखी लागायची. लाजेपायी खुर्ची सोडली. गाढवपणा केला. आता औषध चालू आहे.”

खाली कोणी हसलं नाही. आभाळ्याने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, कारण डोळे भरून आले होते आणि पुढची पायरी दिसत नव्हती. मग तो वर गेला.

केबिनमधून सगळं आणखी लहान आणि आणखी लांबपर्यंत दिसत होतं. त्याने दांड्यांवर हात ठेवले, घोटभर पाणी घेतलं आणि वॉकीटॉकी सुरू केला. पहिला बोजा तयार होता, पण इशारा येईना. मग सिग्नलवाल्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

“आभाळ्या, त्या डॉक्टर बाई बसतात कुठे रे?”

“हळू बोललास तरी सगळ्यांना ऐकू जातं यावर,” आभाळ्या म्हणाला. “तुला माहीत आहे ना?”

वॉकीटॉकीत खाकरल्याचा आवाज आला.

“जाऊ दे ऐकू,” सिग्नलवाला म्हणाला. “पत्ता सांग.”